किल्ली आपल्याच खिशात राहील असं क्लाउड स्टोरेज कोणतं?

निळीशाई
नमस्कार मंडळी,
मी भाषांतराची कामं करते. जास्त करून कोर्टाची कागदपत्रं, करारनामे, वैद्यकीय अहवाल. म्हणजे परक्या माणसांची गुपितं माझ्या लॅपटॉपवर मुक्कामाला असतात. आजवर सगळं एका नेहमीच्या क्लाउड ड्राइव्हमध्ये टाकत आले, कारण कामाचा लॅपटॉप, घरचा जुना डेस्कटॉप (त्यावर लिनक्स आहे) आणि फोन अशा तिन्हीकडे फाइल आपोआप दिसते. आता एका नव्या ग्राहकाने करारात कलम घातलंय: कागदपत्रं अशा ठिकाणी ठेवा, जिथे साठवणारी कंपनीसुद्धा ती वाचू शकणार नाही.
दोन संध्याकाळी घालवून शोधलं आणि जास्तच गोंधळले. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेझोरिट, मेगा, पीक्लाउड, फायलेन. सगळ्यांच्याच पानावर 'मिलिटरी ग्रेड' आणि 'झिरो नॉलेज' (म्हणजे आत काय आहे ते कंपनीलाही कळत नाही) लिहिलंय. कुणी म्हणतं क्रिप्टोमेटर (फाइल वर चढण्याआधी आपल्याच यंत्रावर कुलूपबंद करणारं ॲप) वापरा, कुणी म्हणतं स्वतःचा सर्व्हर लावा. एकूण डेटा साधारण १८० जीबी, त्यातलं कामाचं फार तर ६ जीबी, बाकी घरचे फोटो. नवऱ्यालाही काही फोल्डर दिसायला हवेत. रोज उठून खटपट करायची माझी तयारी नाही. तुम्ही काय वापरता आणि का?

वाचनमात्र
मलाही हेच विचारायचं होतं. वाचतोय.

तिरकस
मिलिटरी ग्रेड म्हणजे कुलूप लष्कराचं आणि किल्ली पायपुसण्याखाली.

खटपट्या
निळीशाई, आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. नेहमीचे ड्राइव्ह एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारे) नसतात असं नाही. फाइल वर जाताना वाटेत एन्क्रिप्टेड असते आणि त्यांच्या डिस्कवर पडलेलीही एन्क्रिप्टेड असते. एईएस-२५६, म्हणजे ते 'मिलिटरी ग्रेड' कुलूप, तिथेही असतं. फरक इतकाच की किल्ली त्यांच्याकडे असते. भाड्याच्या खोलीला तुम्ही कितीही भारी कुलूप लावा, मालकाकडे दुसरी किल्ली असेल तर तो कधीही आत येऊ शकतो. येईलच असं नाही, पण येऊ शकतो. तुमच्या ग्राहकाला नेमकं ते 'येऊ शकतो' नकोय.
ओळखायची सोपी खूण सांगतो. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारा. ईमेलवर दुवा आला, नवा पासवर्ड लावला आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा परत दिसल्या, तर किल्ली कंपनीकडे आहे. खरी एंड-टू-एंड सेवा (जिथे किल्ली फक्त वापरणाऱ्याकडे असते) अशा वेळी म्हणते, रिकव्हरी की किंवा शब्दांची यादी काढा, नाहीतर जुना डेटा विसरा.
२०११ च्या जूनमध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका चुकीमुळे सुमारे चार तास कुठलाही पासवर्ड टाकला तरी खातं उघडत होतं. ही चूक होऊच कशी शकते? कारण तिथे पासवर्ड हा फाटकावरचा पहारेकरी असतो. तो डुलकी घेतो तेव्हा आतलं सगळं मोकळंच. पासवर्डातूनच किल्ली तयार होत असती, तर चुकीच्या पासवर्डाने फाटक उघडलं असतं तरी आत नुसता गिचमिड मजकूर दिसला असता.
माझं मत: आहे तोच ड्राइव्ह ठेवा, कामाच्या ६ जीबीपुरती क्रिप्टोमेटरची तिजोरी (कुलूपबंद फोल्डर) करा. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, फोन सगळीकडे चालतं.

निळीशाई
धन्यवाद! पासवर्ड विसरल्याचं नाटक करून पाहिलं. दीड मिनिटात सगळ्या फाइली परत. इतके दिवस याला मी सोय समजत होते.

जुनंखोड
जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका. आपल्यासारख्या सामान्य माणसाचे कागद कोण वाचायला बसलंय? मी तीस वर्षं कॉम्प्युटर वापरतोय. या काळात माझा डेटा चोरांनी किती वेळा नेला? शून्य वेळा. मी स्वतः किती वेळा घालवला? मोजायला बोटं पुरत नाहीत.
शेवटचा प्रसंग सांगतो. नऊ वर्षांच्या नोंदी, हिशेब, पत्रव्यवहार असं सगळं एका फाइलीत बांधून पासवर्ड लावून ठेवलं होतं. पासवर्ड म्हणजे चार मराठी शब्द, देवनागरीतच टाइप केलेले. वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेत. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला. फाइल उघडायला गेलो तर 'चुकीचा पासवर्ड'. तीन आठवडे रोज रात्री बसलो. शब्दांत जागा सोडून, न सोडून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, सगळं झालं. वहीत अक्षर न् अक्षर समोर दिसतंय आणि फाइल काही केल्या दाद देत नाही. शेवटी नाद सोडला.
तेव्हा ताई, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची म्हणजे खिसा फाटला तर दोष द्यायलाही कुणी उरत नाही. ज्या कंपनीला पासवर्ड बदलून देता येतो तीच मला बरी.

तिरकस
काका, चोरांनी नेला नाही हे तुम्हाला कसं कळलं? डेटा चोरीला गेला तरी तो जागेवरच असतो.

जुनंखोड
हे मात्र खरं. घेतलं.

घरचासर्व्हर
कंपनीच नको आणि तिची कटकटही नको. घरात एक छोटं यंत्र कोपऱ्यात चालू ठेवा, त्यावर नेक्स्टक्लाउड टाका (स्वतःचा ड्राइव्ह चालवायचा प्रोग्राम, २०१६ साली ओनक्लाउडमधून फुटून निघालेला प्रकल्प, मुक्तस्रोत). कॅलेंडर, फोटो, फाइली, सगळं आपलं. नाहीतर सिंकथिंग. त्यात फाइली साठवणारा मधला सर्व्हरच नाही. तुमचा लॅपटॉप तुमच्या डेस्कटॉपशी थेट बोलतो. मी सहा वर्षं वापरतोय, एक छदाम कुणाला दिला नाही.

मृद्गंधा
@घरचासर्व्हर, आणि ते यंत्र बंद पडलं की रात्री दोनला उठून कोण बघतं? निळीशाईने लिहिलंय, रोजची खटपट नको.

घरचासर्व्हर
मीच बघतो. बायको म्हणते तुझा संसार नेमका कुणाशी चाललाय.
पण प्रश्न रास्त आहे. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचं तर नेक्स्टक्लाउडमधलं सर्व्हरच्या बाजूचं एन्क्रिप्शन सर्व्हर चालवणाऱ्यापासून फाइल लपवत नाही. चालवणारा मीच असल्यामुळे मला फरक पडत नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउडचं खातं घेतलंत तर पडेल. आणि सिंकथिंगसाठी दोन्ही यंत्रं एका वेळी चालू लागतात. लॅपटॉप मिटून ठेवला आणि मग डेस्कटॉप लावला, तर कालचीच फाइल दिसणार. अँड्रॉइडचं अधिकृत ॲपही डिसेंबर २०२४ पासून बंद झालं. इतरांनी चालवलेली आवृत्ती आहे, मी तीच वापरतो.

चिकित्सक
धागा चांगला चाललाय. 'झिरो नॉलेज' या शिक्क्याबद्दल थोडं लिहिते, कारण निवड करताना लोक तिथेच थांबतात.
झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली मेगाची रचना तपासली. मेगाचं म्हणणं होतं की आम्हाला तुमच्या फाइली वाचताच येत नाहीत. संशोधकांनी दाखवलं की सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याला, वापरणाऱ्याने ५१२ वेळा लॉगिन केल्यावर, त्याची खासगी किल्ली काढता येते. लॉगिन करताना तुमचं ॲप सर्व्हरला जे उत्तर पाठवतं, त्यातून दर वेळी थोडी थोडी माहिती गळत होती. सर्व्हर मुद्दाम थोडा बिघडवलेला मजकूर पाठवतो, ॲप भोळेपणाने तो उलगडायला जातं आणि त्याच्या उत्तरावरून किल्लीचा अंदाज आवळत जातो. मेगाने नंतर दुरुस्ती केली. पण दुसऱ्या संशोधकांनी हाच आकडा पुढे एका हाताच्या बोटांच्या जवळपास आणून ठेवला.
२०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून पाच सेवांचा अभ्यास आला: सिंक डॉट कॉम, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल, ट्रेझोरिट. पहिल्या चारांत गंभीर दोष निघाले. काहींत सर्व्हरला स्वतःची किल्ली तुमच्या गळ्यात मारता येत होती आणि तुमचं ॲप ती तपासत नव्हतं. काहींत सर्व्हरला फाइलीचे तुकडे अदलाबदल करता येत होते. ट्रेझोरिट त्या मानाने बरीच सुटली. तिथेही फोल्डर दुसऱ्याला देताना समोरच्याची सार्वजनिक किल्ली (जिने त्याच्यासाठी फाइल कुलूपबंद होते ती) खरीच त्याची आहे का, हे सर्व्हरच्या शब्दावर मानावं लागत होतं.
लक्षात घ्या, एईएस कुठेच मोडलं नाही. कुलूप शाबूत होतं. घोळ किल्ल्या देण्याघेण्याच्या व्यवहारात झाला.

जुनंखोड
म्हणजे इतकं सगळं करूनही वाचता येतंच. मग माझं काय चुकलं?

चिकित्सक
काका, फरक आहे. साध्या ड्राइव्हमध्ये कंपनीचा कुणी कर्मचारी, कोर्टाचा हुकूम किंवा आत शिरलेला चोर सरळ फाइल उघडतो. इथे त्यांना संपूर्ण सर्व्हर वाकवून, माग राहण्याची जोखीम घेऊन, एका माणसावर नेम धरून हल्ला करावा लागतो. शिवाय उद्या कुणी सर्व्हरची डिस्कच पळवून नेली, तर तिचा काही उपयोग नाही.
अजून एक, ब्राउझरमधून लॉगिन केलंत तर किल्ली हाताळणारा कोड दर वेळी कंपनीच्या सर्व्हरकडून नव्याने येतो. आजचा चांगला, उद्याचा कुणी पाहिलाय? कामाच्या फाइलींसाठी शक्यतो बसवलेलं ॲप वापरावं.

खटपट्या
+१. म्हणून तर किल्ली बनवणारा एक आणि साठवणारा दुसरा असावा. क्रिप्टोमेटरवाल्यांकडे तुमच्या फाइली नाहीत आणि ड्राइव्हवाल्यांकडे किल्ली नाही. दोघांनी संगनमत केल्याशिवाय काही होत नाही.

मृद्गंधा
व्हेराक्रिप्ट (डिस्क किंवा पेटारा एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) का नाही मग? मी पेनड्राइव्हला तेच वापरते.

खटपट्या
पेनड्राइव्हला उत्तम. त्याचा पूर्वज ट्रूक्रिप्ट, त्याच्या कर्त्यांनी मे २०१४ मध्ये अचानक गाशा गुंडाळला, त्यानंतर त्याचा वारसा व्हेराक्रिप्टनेच चालवला. पण ते सगळ्या फाइली एकाच भल्यामोठ्या पेटाऱ्यात ठेवतं. आत एक ओळ बदलली तरी बऱ्याच सेवा अख्खा पेटारा पुन्हा वर चढवतात. त्यात ते पेटाऱ्याची बदलल्याची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं (सेटिंगमध्ये बदलता येतं), त्यामुळे काही सिंक ॲपना वाटतं काही घडलंच नाही. दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडलात तर विचारूच नका. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे बदललेली तेवढीच वर जाते. बदल्यात फाइली किती, साधारण केवढ्या आणि कधी बदलल्या, हे बाहेरून दिसतं. भाषांतरकाराने मंगळवारी रात्री काम केलं, एवढं कळून कुणाचं बिघडत असेल तर वेगळा विचार करावा.

निळीशाई
मंगळवारी रात्रीच करते मी काम. घाबरवू नका.

दप्तरखाना
थोडं अवांतर, पण मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी नक्की वाचावं.
मी जुन्या हस्तलिखित कागदांचे स्कॅन सांभाळतो. फाइलींची नावं लांबलचक: कोणाचं पत्र, कोणाला, विषय, मिती. मी आरक्लोन (क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्राम) वापरतो, त्यात 'क्रिप्ट' नावाची सोय आहे. मजकुराबरोबर फाइलीचं नावही एन्क्रिप्ट होतं. झकास चाललं होतं. एके दिवशी मोजदाद केली तर शेदीडशे फाइली वर गेलेल्याच नाहीत. नोंदवहीत 'नाव फार लांब'. म्हटलं, पन्नास-साठ अक्षरांचं नाव लांब कसं?
कारण असं निघालं. बहुतेक ठिकाणी नावाची मर्यादा २५५ आहे, पण ती अनेकदा अक्षरांत नव्हे, बाइटांत (साठवणुकीच्या छोट्या एककांत) मोजली जाते. एन्क्रिप्ट केलेलं नाव पुन्हा साध्या अक्षरांत मांडायचं तर ते फुगतं, म्हणून मूळ नावाला साधारण १४३ बाइट उरतात. इंग्रजीत ती १४३ अक्षरं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे हातात आली जेमतेम ४७ चिन्हं. 'ज्ञानेश्वरी' एवढ्या एका शब्दालाच अकरा चिन्हं जातात!
क्रिप्टोमेटर इथे थोडं शहाणं आहे. एन्क्रिप्ट केलेलं नाव २२० अक्षरांच्या पुढे गेलं की ते आखूड नाव लावतं आणि खरं नाव शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवतं. मी मात्र सरळ नावं आखूड केली आणि तपशील एका तक्त्यात घातला. तीन रविवार गेले.

तिरकस
मराठीत 'क्ष' काढायला सुद्धा ९ बाइट. आपली भाषा संपन्न आहे ती अशी.

मृद्गंधा
दप्तरखाना, फारच उपयुक्त. आणि तुमच्या प्रतिसादावरून जुनंखोड काकांसाठी एक सुचलं.
काका, तुमच्या त्या चार शब्दांत 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेला शब्द आहे का? किंवा 'ॲ'? ही अक्षरं युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतात. 'ऱ्य' एकतर खास 'ऱ' वापरून होतो, नाहीतर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. 'ॲ' हे एकच चिन्हही असू शकतं किंवा 'अ' वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामला मात्र ते साफ वेगळे. जुन्या कॉम्प्युटरवर कुठला कीबोर्ड होता आणि नव्यावर कुठला?

जुनंखोड
बाई, काय सांगता! जुन्यावर वेगळा कीबोर्ड होता खरा, उच्चाराप्रमाणे इंग्रजीत टाइप केलं की मराठी व्हायचं. आणि हो, त्यात 'दऱ्या' हा शब्द आहे.

तिरकस
काका, पाव पासवर्ड आता सार्वजनिक झाला.

जुनंखोड
होऊ दे. कुणी उघडून दाखवलीच तर मीच त्याचे आभार मानीन. दप्तरखाना किंवा मृद्गंधा, तो न दिसणारा जोडक टाइप कसा करायचा?

दप्तरखाना
टाइप करू नका. जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलेली कुठलीही मराठी फाइल किंवा ईमेल शोधा, ज्यात 'दऱ्या', 'वाऱ्या', 'खऱ्या' असं काही असेल. तिथला 'ऱ्या' जसाच्या तसा कॉपी करा आणि साध्या मजकुराच्या फाइलीत चारही शब्द जुळवून मग पासवर्डच्या चौकटीत चिकटवा.

वाचनमात्र
हे मुख्य धाग्यापेक्षा जास्त रंगतंय.

घरचासर्व्हर
मूळ विषयावर: कंपनी निवडताना ती किती वर्षं टिकेल हे कुणी बोललंच नाही. बॉक्सक्रिप्टर नावाची चांगली चाललेली सेवा होती, क्रिप्टोमेटरसारखंच काम. २०२२ च्या शेवटी ड्रॉपबॉक्सने तिची मालमत्ता विकत घेतली आणि नवीन खाती बंद झाली. स्किफ ही एन्क्रिप्टेड सेवा तर फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन कंपनीने घेतली आणि सहा महिन्यांत दुकान बंद. लोकांना सामान हलवायला सांगितलं. त्याआधी मेगाअपलोड ही फाइली साठवायची सेवा, जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने सर्व्हर ताब्यात घेतले, त्यात ज्यांच्या साध्यासुध्या कामाच्या फाइली होत्या त्यांचंही सगळं अडकलं. म्हणून म्हणतो, आपलं यंत्र.

तिरकस
आणि ते 'आजीवन सभासदत्व' वाले? आजीवन म्हणजे कुणाच्या जीवनापर्यंत, हे कुठे लिहिलेलं असतं का?

चिकित्सक
सरकारचा विषय निघालाच आहे तर: ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउडसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आणलं. ते चालू केलं की फोटो, बॅकअप, फाइली यांची किल्ली ॲपलकडे राहत नाही. मुद्दाम चालू करावं लागतं, हे अनेकांना माहीत नसतं. ब्रिटन सरकारने या डेटापर्यंत पोहोचण्याची मागणी केल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या लोकांसाठी ही सोयच काढून घेतली. म्हणजे एन्क्रिप्शन तुमच्या सेवेचा भाग असेल, तर ते एका आदेशाने जाऊ शकतं. तुम्ही स्वतः वेगळ्या ॲपने केलेलं असेल तर कंपनीने काढून घ्यायला तिच्या हातात काही नसतं. खटपट्या यांच्या बाजूने हे माझं मत.

मृद्गंधा
एक मुद्दा राहिला आणि तो मी पोळलेली असल्यामुळे लिहिते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे!
लॅपटॉप भरला म्हणून मी 'जुने प्रकल्प' हा फोल्डर लॅपटॉपवरून उडवला. मनात हिशेब असा की क्लाउडवर आहेच. सिंकने इमानेइतबारे तो क्लाउडवरूनही उडवला, डेस्कटॉपवरूनही, फोनवरूनही. मला गरज लागली दीड महिन्याने, आणि कचरापेटी तीस दिवसांनी रिकामी होत होती. सेवेचा काही दोष नाही, तिने सांगितलं तेच केलं. एन्क्रिप्शनने यातलं काहीच वाचत नाही. उलट तिजोरीतली एक महत्त्वाची फाइल उडाली तर अख्खी तिजोरी जाऊ शकते.
२०२४ च्या मे महिन्यात युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं सगळं खातं चुकून पुसलं गेलं. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्यात. वाचले ते दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप होता म्हणून. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपण एक साधी बाहेरची डिस्क तरी घ्यावी. आठवड्याला एकदा जोडायची, प्रत काढायची आणि काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवली तर खंडणीवाला व्हायरस तीही गिळतो.

निळीशाई
दहा दिवसांनी आले, माफ करा. क्रिप्टोमेटर करून पाहिलं, तेव्हा आता अनुभवाने बोलते.
आधी प्रोटॉनचा विचार केला होता, कारण नवऱ्याशी फोल्डर वाटून घेणं तिथे सोपं. पण विंडोजचं ॲप त्यांनी २०२३ च्या जुलैत काढलं, मॅकचं त्याच वर्षी नोव्हेंबरात, आणि लिनक्सवाले मागेच राहिले. माझा अर्धा जीव त्या जुन्या डेस्कटॉपात, त्यामुळे तो विचार सोडला. जुन्या ड्राइव्हमध्येच 'काम' नावाची तिजोरी केली. उघडली की वेगळी डिस्क जोडल्यासारखी दिसते, वर्डमध्ये फाइल उघडते, जतन करते, काही वेगळं वाटत नाही. बंद केली की आत काही छोट्या फाइली आणि 'डी' नावाचा फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांचे पन्नासेक फोल्डर, त्यांत तीस अक्षरी अगम्य नावांचे आणखी फोल्डर.
तिसऱ्या दिवशी नवऱ्याने घरच्या डेस्कटॉपवर हे पाहिलं. त्याला वाटलं व्हायरस. माणूस साफसफाईत तरबेज. मी चहा घेऊन येईपर्यंत त्याने सगळं निवडून डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं होतं. मी दारातूनच ओरडले. मृद्गंधाताईंचा प्रतिसाद आदल्याच रात्री वाचला होता, म्हणून नुसतं ओरडून भागलं नाही, त्याच संध्याकाळी बाहेरची डिस्क कपाटातून काढली.
आता तिजोरीशेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे: 'हा कचरा नाही. हात लावू नये.'

तिरकस
सायबर सुरक्षेतला सर्वात मोठा धोका: टापटिपीचा नवरा.

खटपट्या
हाहा! ती फाइल मीही करतो आता.
रिकव्हरी की काढलीत ना? इंग्रजी शब्दांची लांबलचक माळ देतं ते. कागदावर छापा. आणि एक बारीक गोष्ट: पासवर्ड बदलला म्हणजे फाइली नव्याने एन्क्रिप्ट होत नाहीत, फक्त मुख्य किल्लीवरचं वेष्टन बदलतं. आधीच्या किल्लीची फाइल आणि जुना पासवर्ड दोन्ही कुणाच्या हाती लागले असतील, तर त्याच्यासाठी तिजोरी उघडीच. तसा संशय आला तर सरळ नवी तिजोरी करून सामान हलवायचं.

निळीशाई
काढली. एक प्रत घरात, एक बहिणीकडे बंद पाकिटात. पाकिटावर काय लिहावं हे कळेना, शेवटी 'पाककृती' लिहिलं.
फोटो जुन्याच ड्राइव्हमध्ये साधेच ठेवले. १७४ जीबी फोटो तिजोरीत घातले तर फोनवर नुसतं बोट फिरवून बघता येत नाहीत, आणि घरात त्यावरून रोज वाद होईल. जुनंखोड काकांचं म्हणणं तिथे मला पटलं: सगळ्याच गोष्टींना तिजोरी लागत नाही.
आता मुख्य गंमत. ग्राहकाला कळवलं की तुमच्या कलमाप्रमाणे सगळी व्यवस्था झाली आहे. काल त्यांच्याकडून पहिलं काम आलं. चाळीस पानी वैद्यकीय अहवाल, साध्या ईमेलला जोडलेला, कसलाही पासवर्ड नाही, आणि प्रत आणखी सहा जणांना.

तिरकस
कलम तुमच्यासाठी होतं हो, त्यांच्यासाठी नाही.

चिकित्सक
हसू नका, हे नेहमीचंच आहे. निळीशाई, त्यांना फाइल पासवर्ड लावलेल्या दुव्याने पाठवायची पद्धत सुचवा आणि पासवर्ड फोनवर सांगायला सांगा. ऐकतील की नाही तो भाग वेगळा, पण तुमच्याकडून लेखी गेलेलं बरं.

वाचनमात्र
मीही आज तिजोरी केली. पासवर्ड इंग्रजीत ठेवलाय, 'ऱ्य' चा विषयच नको.

जुनंखोड
मंडळी, उघडली!
सात वर्षांपूर्वी पुतण्याला पाठवलेलं ईमेल सापडलं, त्यात 'बऱ्याच दिवसांनी' होतं. तिथला 'ऱ्या' उचलून 'दऱ्या' मध्ये बसवला. पहिल्याच फटक्यात. मृद्गंधा, दप्तरखाना, तुम्हा दोघांना दंडवत. वहीत आता त्या शब्दाखाली लाल शाईने लिहिलंय, 'हा ऱ्या वेगळा आहे'.
काल रात्रीपासून वाचत बसलोय. नऊ वर्षांच्या नोंदींत निम्म्याहून जास्त पानांवर इतकंच आहे की आज प्रिंटर चालला नाही. ही नसती उघडली तरी चाललं असतं. तरी दोन प्रती काढल्या, एक तुमच्या त्या क्रिप्टोमेटरात.